बयनाबाईची वही

तीन हजार घेऊन गेलो होतो,
पाचशेच्या सहा नोटा, रबर लावून, शर्टाच्या खिशात.
वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम:
पिल्लू पिशवीत टाकायचं, गाडीला किक मारायची,
दिवेलागणीच्या आत घर.

बयनाबाई उईकेनं आधी पाणी दिलं.
मग माझ्याकडे पाहिलं,
बैलबाजारात दात पाहतात तसं.

"कायले पायजे?"
म्हटलं, संत्र्याचा बगीचा आहे, रात्री डुकरं येतात,
ठिबकच्या नळ्या चावून टाकतात.
"रात्री तुमी असता तिथं?"
नाही.
"मंग कुत्रं एकटंच?"
मी पुन्हा नळ्यांबद्दल सांगू लागलो.

कुडाच्या सावलीत चांदी आडवी पडलेली,
पाच पिल्लं पोटाला चिकटून,
सहावं तिच्या कानाशी भांडत.
मी वाकलो.
"हात नोका लावू. आधी तिले तुमचा वास घेऊ द्या."
चांदी उठली, पिल्लं टपाटप गळून पडली.
तिनं माझी चप्पल हुंगली, मग पोटरी,
मग जाऊन होती तशी पडली.
"पाह्यली ना माय?
जो पिल्लू दाखवते अन् माय दाखवत नाई,
त्याच्या दारचं पानी बी पिऊ नोका."

आणि बाप?
"थो टेंभुरझऱ्याले.
गावातला भुऱ्या देखना हाये, पन थो हिचा भाऊ.
नऊ कोस पायी नेली हिले,
टेम्पोत बसेच ना.
मांगच्या साली नाई नेली कुठंच.
बरगड्या मोजता येत होत्या.
तिघं आले होते पैसे घेऊन,
चहा पिऊन गेले."

मग फळीवरून वही काढली.
दुरेघी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे.
आत भाच्याचं अक्षर:
लाली, झुनकीच्या गुराख्याकडे, आता तिला चष्म्याएवढं चट्टं आलंय, मलम दिलं.
वाघ्या, टिप्परखाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
दगडू, मालकाचं लग्न झालं, बायकोला नको होता, परत आणला.
दगडू तिथंच विहिरीच्या काठावर झोपला होता,
आपलं नाव ऐकून त्यानं एक डोळा उघडला.
"परत आनला म्हनून त्या पोराले मी शिव्या नाई देल्या," बाई म्हणाली.
"सोडून देल्ला असता, तं देल्ल्या असत्या."

"याच्याआधी होतं का तुमच्याकडं?"

होतं.
बाजारातून, बिस्किटाच्या खोक्यातून आणलेलं,
पंचवीस दिवसांचं असेल, नसेल.
दूध पाजलं ते म्हशीचं.
आठव्या दिवशी रक्ताची हगवण,
नवव्या दिवशी तिसऱ्या ओळीतल्या झाडाखाली खड्डा.
विकणाऱ्याचा फोन लागला नाही.

"नाव काय होतं?"

म्हशीनं तेवढ्यात दावं ओढलं,
भाच्यानं कोणाला तरी हाक मारली,
मी खिशातला रबर बोटाला गुंडाळत होतो.
ठेवलं नव्हतं, म्हटलं.

बयनाबाईनं वही मिटली.
रागानं नाही. पेन त्यातच राहिलं, मध्ये फुगीर.
"साठ दिवस होऊ द्या. डॉक्टरच्या सुया होऊ द्या.
भावंडांत चावे खाल्ल्याबिगर
कुत्र्याले चावा समजत नाई.
तवर दर आइतवारी या, बसा इथं.
पैसे असू द्या खिशात,
आजून मी हो म्हटलं नाई."

पिशवी घडी करून डिक्कीत ठेवली.
घरी बायको म्हणाली, मिळालं नाही?
म्हटलं, मुलाखत झाली.

त्या रात्री बगीच्यात खाट टाकली,
बॅटरी, घोंगडी, पाण्याची बाटली.
तिसरी ओळ अंधारात शोधूनही सापडली नाही,
सगळी झाडं सारखीच दिसत होती.
दोनच्या सुमाराला डुकरं आली,
चपचप, नळ्यांजवळ.
आसपास कोणीच नव्हतं.
मीच भुंकलो.